पंपघराचा आकडा

इस्टेट एवढी मोठी, की ऑफिसच्या पायरीवरून तलावापलीकडचं पंपघर काडेपेटीएवढं दिसायचं. तिथवर इंटरनेट न्यायचं काम दोन वर्षांपूर्वी अर्धवट राहिलं होतं. ते पुरं करायला मॅनेजरसाहेबांनी पुन्हा बारक्यालाच बोलावलं. दुसरं कुणी त्या खांबावर चढायला तयार नव्हतं, हे साहेब बोलले नाहीत, पण बारक्याला कळत होतं. त्याच खांबावरून पडून त्याचे दाजी गेले होते.

दाजी म्हणजे ताईचा नवरा आणि बारक्याचा धंद्यातला गुरू. काम तसं सरळ होतं. ऑफिसच्या गच्चीवर सिग्नलची एक ताटली, पंपघराच्या खांबावर दुसरी, आणि दोघींनी एकमेकींकडे तोंड करून बसायचं. एकाने खांबावर चढून ताटली केसाकेसाने फिरवायची, दुसऱ्याने ऑफिसात लॅपटॉपपुढे बसून वॉकीटॉकीवर आकडा सांगायचा. आकडा उणेत यायचा, आणि उणे सोडून तो जितका लहान तितका सिग्नल चांगला. "संसारात नेमकं उलटं," असं म्हणून दाजी स्वतःच हसायचे. वरून त्यांचा प्रश्न एकच असायचा, "आता किती?"

सेफ्टी बेल्ट न बांधताच दाजी चढले, असं बारक्याने सगळ्यांना सांगितलं होतं. ते खरंच होतं. का चढले, ते मात्र त्याने पोटात ठेवलं. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, त्यामुळे निभावून गेलं. पण ताईने दाजींचा फोटो कपाटात उलटा घालून ठेवला. "ज्याला घर आठवतं तो बेल्ट बांधतो," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. त्यांची आठ वर्षांची पोर तर कुणी विचारलं की घराचा पत्ता सांगावा तसं सांगायची, "माझे बाबा निष्काळजी होते."

हे ऐकलं की बारक्या ताटावरून उठायचा.

आज जोडीला माणूस मिळेना, तेव्हा ताईच उठली. "आकडे वाचायला काय डिगरी लागते? मी बसते लॅपटॉपपुढे." तिला ऑफिसात बसवून, वॉकीटॉकी हातात देऊन तो तलावाला वळसा घालून पंपघराशी आला.

दार खांदा लावून उघडावं लागलं. आत दाजींची टोपी अजून खिळ्याला होती. ग्लासच्या तळाशी चहा वाळून काळा पडला होता. कुणी काही हलवलं नव्हतं, जणू माणूस वर काम करतोय आणि आत्ता खाली येईल. बारक्याच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. दोन वर्षं झाली, कुठंही खरखर झाली की त्याला त्यात तो प्रश्न ऐकू यायचा. पंख्यात यायचा, नळात हवा धरली की यायचा. आताही आलाच.

आता किती?

"कामाला लाग, गाढवा," तो स्वतःशीच म्हणाला. नवी ताटली खोक्यात होती. चढण्याआधी करंट येतो का बघावं म्हणून त्याने खांबावरच्या जुन्या ताटलीची वायर प्लगात घातली. खोलीतल्या डबीवरचा हिरवा दिवा मिचमिचला आणि लागून राहिला.

थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर ताईचा आवाज आला. "बारक्या, आकडा आला रे."

"कसा येईल? मी अजून चढलोय कुठं!"

"मग मी काय खोटं बोलते? उणे बावन्न. हलत पण नाहीये."

बारक्याने दारातून वर खांबाकडे पाहिलं.

त्या दिवशी त्याने वाचलेला शेवटचा आकडा चोपन्न होता. चोपन्नवर काम झालं होतं, कुणीही शहाणा तिथंच थांबला असता. पण त्याला साहेबांपुढे मिरवायचं होतं. तो म्हणाला, "अजून दोन ओढा, दाजी." तेवढ्यात साहेब दारात आले आणि तो लॅपटॉपकडे पाठ करून त्यांच्याशी बोलत उभा राहिला. मागे टेबलावर वॉकीटॉकी विचारत होती, आता किती? आता किती? मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. तो धावत सुटला, आणि आकडा त्याने कधी पाहिलाच नाही.

दाजींनी ते दोन ओढले होते. ताटली अजूनही तिथंच बघत होती.

त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. बटण सोडेपर्यंत पलीकडच्याला बोलता येत नाही, त्याचाच त्याला आधार होता.

"ताई, बेल्ट दाजी विसरले नव्हते. सकाळी दोर सापडेना म्हणून मी गाडीच्या टपावर गच्चीसाठीची शिडी बेल्टनेच आवळली होती. दाजींना इथं सोडून मी गाडी बेल्टसकट ऑफिसकडे नेली. त्यांनी मागितला गं बेल्ट. दोनदा मागितला. मी म्हटलं, साहेबांना चारच्या आत नेट हवंय, परत कुठं येऊ, दोन मिनिटांचं काम आहे, चढा. म्हणून चढले. आणि चोपन्न आल्यावरही मीच म्हटलं, अजून दोन. ते विचारत राहिले आणि मी उत्तर दिलं नाही."

बोलायचं संपलं तरी अंगठा बटणावरून निघेना. निघाला तेव्हा नुसती खरखर ऐकू आली.

तो बाहेर येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने तलावाच्या काठाकाठाने येणारी ताई दिसली. ती चालत होती, घाई न करता. जवळ आली तेव्हा चेहरा कोरडा होता. तिने बारक्याकडे पाहिलंच नाही. आत गेली, खिळ्यावरची टोपी काढली, झटकली, आणि खांबाच्या बुडाशी येऊन वर बघत म्हणाली,

"अहो, बावन्न आलेत."

टोपी छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. वॉकीटॉकी खरखरत होती, पण तिच्यात आता कुणी काही विचारत नव्हतं.

मग ती बारक्याकडे वळली. "घरी चल. पोरीला हे तू सांगायचंस, जसं मला सांगितलंस तसं. फक्त तिच्यापुढे बसून सांग, बटण दाबून नाही."