खांबावरची टिकली

संचिता शेडमध्ये आली की आधी चपला काढायची, हात धुवायची आणि दाराशेजारच्या लाकडी खांबावर चिकटवलेली टिकली उचलून कपाळाला लावायची. टिकली जुनी, तिचा गोंद कधीच उडालेला. म्हणून बोटावर फेविकॉलचा ठिपका घ्यायचा; काथ्याच्या मेंढरांना कान चिकटवायला लागतो तोच. संध्याकाळी घरी निघताना टिकली पुन्हा खांबावर ठेवायची. त्या दिवशीही सकाळी तिने तेच केलं.

धामापूरजवळच्या एका वाडीतली ही बाई. नवरा सुदेश दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि घरी जाऊन आपापल्या चुलीवर भात लावला. तेव्हापासून सासू काशीबाई सांगेल तसं वागायचं. चवथीला मोदक वळायचे संचितानेच, पण गवर घरात आली की मागच्या दाराने परसात जाऊन बसायचं. कुणी मारत नव्हतं हो तिला, उपाशीही ठेवत नव्हतं. अशा घरातल्या माणसांना आपण चांगली माणसं म्हणतो!

शेड होती मालवणच्या सिस्टर ब्रिजिटची. वाडीतल्या बायका तिथे नारळाच्या काथ्याचे नाताळचे गोठे करायच्या: मरियम, जोसेफ, गव्हाणीतलं बाळ, चार मेंढरं. परदेशातल्या चर्चच्या बायका रविवारच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये टेबल मांडून ते विकायच्या. मध्ये दलाल नाही, कष्टाचा रास्त दाम थेट बाईच्या खात्यात. काम खरंच चांगलं, उगाच नावं ठेवणार नाही. ह्या बाटवतील म्हणून काशीबाई आधी घाबरली होती. पण सिस्टरनी कुणाला साधं प्रार्थनेलाही बसवलं नाही, तेव्हा तिचं तोंड बंद झालं. आता संचिताच्या लेकीची, रियाची शाळा ह्याच पैशावर चालली होती.

टिकली दिली होती नम्रताने, शेजारी बसून काम करणाऱ्या मैत्रिणीने. "लाव गो, मेल्या कपाळाक जरा रंग येवंदे," म्हणत तिनेच चिकटवली. संचिता दचकून सिस्टरकडे बघायला लागली, तर सिस्टर हसल्या. "लाव. हयसर तुका कोण इचारूचा नाय."

ते वाक्य संचिताने जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी कणकवलीहून कौस्तुभ नावाचा फोटोग्राफर आला. नाताळच्या विक्रीसाठी माहितीपत्रक छापायचं होतं आणि पहिल्या पानावर संचिताचा फोटो हवा होता. बायकांनी तिला चिडवून हैराण केलं. नम्रताने तिच्या केसांना तेल लावून दिलं, पदर सारखा केला. मांडीवर गोठा घेऊन संचिता खिडकीपाशी बसली.

कौस्तुभने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "सिस्टर, ह्या विधवा वाटतच नाहीत. टिकली काढायला सांगा ना. आणि ताई, हसू नका."

सिस्टर जवळ आल्या. आवाज मऊ होता, अगदी मायेचा. "संचिता, फोटोपुरती काढ गो. थंयच्या लोकांका कळाक व्हया तुझा दुःख. कळला तर हात सैल सोडतले. आपल्या सगळ्यांचाच बरा होतला."

शेडमधले हात थांबले. नम्रता काहीतरी बोलायला गेली, मग तिने अर्धवट मेंढरू पुन्हा हातात घेतलं. तिच्याही घरात दोन पोरं होती, नवरा खाटेवर होता. सगळ्यांची चूल त्या विक्रीवर होती, हे संचिताला काय ठाऊक नव्हतं? तिचा हात कपाळाकडे गेलासुद्धा. नखाला टिकली लागली.

तिथेच हात थांबला.

"सिस्टर, घरात सासू म्हणता काढ, कारण घोव मेलो. हयसर तुमीय म्हणतास काढ, कारण घोव मेलो. मगे मी खंय लावू?"

"तसा न्हय गो..."

"गोठो बरो दिसलो म्हणान लोकांनी घेवंदे. माझी कीव इली म्हणान नको. मी काढूचंय नाय."

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हेत. उभं आयुष्य दुसऱ्यांसाठी झिजवलेली बाई ती. पण दुःख विकलं जातं हे कळलं की चांगल्या माणसालाही मोह होतो. जे कपाळ वाडीने पुसलं, तेच पुसलेलं कपाळ त्या मांडायला निघाल्या होत्या, आणि तेही तिच्याच भल्यासाठी! "आज ऱ्हवंदे," एवढंच त्या कौस्तुभला म्हणाल्या आणि आत गेल्या. माहितीपत्रकाचं काय होणार, कुणीच विचारलं नाही. कौस्तुभने कॅमेरा पिशवीत घातला आणि बायका पुन्हा कामाला लागल्या.

संध्याकाळी संचिता चपला घालून निघाली. नम्रताने खांबाकडे बोट दाखवलं. "गो, टिकली इसारलंस."

"इसरूक नाय."

दुकानावरच्या बायका बोलता बोलता थांबल्या. देवळाकडून येणाऱ्या एकीने तोंड फिरवलं. संचिताला मागे फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ती चालत राहिली.

काशीबाई दारापुढच्या खळ्यात आमसुलं वाळवत होती. सून दिसली, आणि हातातलं सूप खाली ठेवून ती ताडकन उठली. "ह्या काय लायलंस? लोक काय म्हणतले? उद्या रियाचा लगीन कोण करतलो?" मग स्वतःच्या कपाळावर हात मारून ओरडली, "ह्या बघ! तीस वर्सा रिकामा आसा. जगलंय मा मी?"

"जगलास, आये," संचिता हळूच म्हणाली. "बरा वाटला काय तुमका?"

तीस वर्षांत काशीबाईला हे कुणी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले, पण ते सुनेला दिसू नयेत म्हणून ती पाठ फिरवून घरात गेली. दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "न्हाणयेत तोंड धू आणि मागल्या दारान ये."

मागचं दार उघडंच होतं. गवरीच्या दिवशी असतं तसं.

संचिता तिकडे गेली नाही. पुढच्या पायरीवर बसली. आत रिया "आये, आये" करत होती, कडीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. काशीबाईचा पोचत होता, आणि ती दाराच्या आत, अगदी जवळ, उभी होती.

वाचकहो, अशी पायरी तुमच्याही घराला आहे. कडीपर्यंत तुमचाही हात पोचतो.