रेघबाबांची नळी

या, अशा जवळ सरका. मागच्यांनाही जागा करून द्या. आज ऐकायची ती गोष्ट एका काचेच्या नळीची.

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर रेघबाबा. हातात जाड काचेची, दोन्ही टोकं बंद असलेली नळी. आत निम्म्यापर्यंत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्याच्या पृष्ठभागाची लख्ख रेघ.

"ही तुमच्या कर्माची रेघ! मुठीत धरा. पुण्यवान असाल तर पुसली जाईल. नसाल तर बाबा तरी काय करणार? पुढच्या शिबिराला या!"

लोक मूठ मिटत, जरा वेळानं उघडत. रेघ गायब! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मग एका मावशीची पाळी आली. रेघ जागची हलेना.

"माई, पाप वाढलंय. डॉक्टरांच्या त्या गोळ्यांनी आत दडपून ठेवलंय. सोडल्यात ना?"

"केव्हाच सोडल्या, बाबा."

मागच्या रांगेत बसलेली तिची भाची हे ऐकून उठून उभी राहिली. भाची रसायनतज्ज्ञ. दाबाखालच्या वायूंवर संशोधन करण्यात तिची सारी उमर गेली. त्याच वायूंच्या मदतीनं ती औषधांची शुद्धता तपासायची. आणि ही नळी? तिनंच भरलेली! प्रयोगशाळेच्या प्रदर्शनात लोकांनी तोंडात बोटं घातली, त्या कौतुकात रेघ मिटण्याचं कारण सांगायचं तिनं टाळलंच. कार्यक्रमाचा गोडबोल्या निवेदक म्हणाला, "मॅडम, आठवण म्हणून द्या ना," तर देऊनही टाकली. तोच आता दाढी वाढवून समोर बसला होता.

ती तडक व्यासपीठावर गेली. मावशीचा हात हातात घेतला. गारठलेला.

"बाबा, नळी द्या."

"मॅडम... तुम्ही?" बाबांनी नळी पुढे केली.

घशासाठी ठेवलेल्या बाबांच्या कोमट पाण्याच्या पेल्यात तिनं नळी अलगद धरली. थोड्या वेळानं रेघ पुसट झाली, मग दिसेनाशी.

"या पेल्यानं कोणतं तप केलं, बाबा?"

सभागृहात हशा पिकला. ती मात्र हसली नाही.

"आत दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड आहे, खाली द्रव, वर वायू. एकतीस अंशांच्या वर गेला की त्यात द्रव कुठला नि वायू कुठला, हा भेदच उरत नाही. म्हणून रेघ मिटते, गार झाला की परत उमटते. उबदार तळहात पुरतो. मावशीला थायरॉइडचा आजार आहे. गोळ्या सोडल्या, तसे हात आणखी गार पडले. हात गार, म्हणून रेघ हटेना. रेघ हटेना, म्हणून ही पापी!" ती लोकांकडे वळली. "नळी माझी आहे. फुटली असती तर कुणाचा तरी हात गेला असता. हे सगळं तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

मावशी जड जिभेनं म्हणाली, "म्हणजे मी पापी नव्हते गं?"

"नाही गं मावशी. तू आजारी होतीस."

"मग इतके महिने देवासमोर बसायची भीती वाटत होती मला, त्याचं काय?"

भाचीनं तिला हाताला धरून व्यासपीठावरून खाली नेलं.

मंडळी, देवाला खुशाल आळवा, गळा भरून येईस्तोवर गा. पण त्याच्या नावानं कुणी नवल दाखवलं, तर "हे होतं कसं?" असं विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही, रागावतो तो बाबा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मावशीची आठवण ठेवा. इतके महिने तिला ते जोडवले नव्हते.