पुलापलीकडची नावं

व्हर्ना टिडवेलने रॉयस हॅचेलवर डूख धरला होता. ऐन तारुण्यात धरला आणि आता गुडघे कुरकुरायला लागले तरी सोडला नव्हता. लोणचं मुरवावं तसा मुरवला होता. चर्चमध्ये क्षमेवरचं प्रवचन ऐकताना ती मान डोलवायची आणि मनातल्या मनात त्यातून हॅचेलला वगळायची.

अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या त्यांच्या छोट्या कॉलेजात हुशार मुलांची ऑनर सोसायटी होती. गुण वरचे हवेत आणि चारित्र्य चांगलं हवं, अशा दोनच अटी. गुण सगळ्यांना दिसत. चारित्र्य प्राध्यापक ठरवत, म्हणजे हॅचेल ठरवायचा. वर्गात पहिली आलेल्या व्हर्नाचं नाव त्याने खोडलं. कारण काय, तर ही मुलगी पुलापलीकडे बिअर वाटते. त्यांच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दारूबंदी होती. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे खुली. तिथल्या बोलिंगच्या हॉलमध्ये व्हर्ना संध्याकाळी ट्रे उचलायची, कारण गिरणीतल्या कापसाने तिच्या बापाची छाती कामातून गेली होती. सोसायटीची पिन ज्यांच्या कॉलरला, त्यांनाच विद्यापीठाची शिष्यवृत्ती. पिन गेली, शिष्यवृत्तीही गेली. पुढची पदवी तिने दोन पोरं सांभाळत रडतखडत मिळवली आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागली.

आणि हॅचेल? त्याला ती आठवतही नव्हती! लग्नाने आडनाव बदललं, वयाने चेहरा बदलला, एवढ्यावर तो ती जुनी विद्यार्थिनी साफ विसरला; कॉलेजात शिकवणारी व्हर्ना तेवढी त्याला ठाऊक. हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

आता तो निवृत्त होता आणि सोसायटीच्या साऱ्या भागाचा भीष्माचार्य होऊन बसला होता. यंदाच्या अधिवेशनात त्याच्या नावाने पुरस्कार जाहीर व्हायचा होता, तोही चारित्र्याचा. त्याआधी आपल्या भागातल्या सोसायटीचा इतिहास वाचला जावा, अशी त्याची इच्छा.

"तूच लिही व्हर्ना," तो म्हणाला. "तुला वेळ आहे, आणि तू कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"खरं लिहू ना, सर?"

"अगं, इतिहास म्हणजे खरंच की! माझं काम तेवढं जरा नीट येऊ दे."

तिने नीट आणलं. पहिली पानं इतकी गोड लिहिली की ती वाचूनच त्याचं पोट भरलं आणि पुढची पानं उलटायची राहिली. मग व्हर्नाने गावोगावी फोन फिरवले.

अधिवेशनात जेवणानंतर इतिहास वाचायचा, हा रिवाज. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं आणि वाचणारा "इथे इतिहास संपला" म्हणेपर्यंत बसायचं नाही. मध्ये कुणी बोलायचंही नाही. ही प्रथा पाडली हॅचेलनेच. तेव्हा त्याचं नाव नेहमी पहिलं यायचं.

तळलेलं चिकन झालं, पेकनची गोड पेस्ट्री झाली, बर्फ घातलेल्या गोड चहाचे ग्लास रिकामे झाले. व्हर्ना माइकपाशी गेली. हॅचेलचं नाव येताच तो कोटाची बटणं लावत उभा राहिला. टाळ्या पडल्या. शेजारी त्याची बायको जोनेल रुमालाची घडी घालत बसली होती. "पाव वाढू का" यापलीकडे तिचा आवाज जन्मभर कुणी ऐकला नव्हता.

"हॅचेल सरांनी चारित्र्याची अट कडक पाळली," व्हर्ना वाचत होती. "त्यांनी खोडलेली नावं अशी. ओलेटा ग्रिम्स. कृष्णवर्णीय, आणि वर वर्गात प्रश्न विचारायची."

मागे खुर्ची सरकली. पिकल्या केसांची एक बाई उभी राहिली.

"रुथॅन पोस्ट. आईचा घटस्फोट झालेला."

आणखी एक खुर्ची सरकली. हॅचेलच्या तोंडचं पाणी पळालं.

"व्हर्ना स्टब्ज, म्हणजे मी. पुलापलीकडे बिअर वाटते म्हणून. ती बिअर मी ज्यांना वाटायचे, त्यांत हॅचेल सर होते. दर शुक्रवारी, भिंतीकडे तोंड करून बसायचे. टिप कधी ठेवली नाही."

हॉल हसला.

"हे काय चालवलंयस? बंद कर!"

"सर, वाचताना मध्ये बोलायचं नसतं. तुमचाच नियम."

किती गोड वाटलं तिला! एवढ्यासाठीच तर ती थांबली होती. आता शेवटचं वाक्य म्हणायचं आणि घरी जायचं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात जोनेल उभी राहिली. तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"व्हर्ना मॅडम, एक नाव राहिलं. जोनेल बेट्स."

"जोनेल, घरी बोलू," हॅचेल पुटपुटला.

"घरी तूच बोलतोस, रॉयस." ती व्हर्नाकडे वळली. "त्या टेबलावर तुम्ही दोन ग्लास आणायचात. डोक्याला स्कार्फ बांधून बसायची ती मी. मी तुमच्या पुढच्या वर्गात दुसरी होते. गाडी हा चालवायचा, आणि मीटिंगमध्ये म्हणाला, ही मुलगी पुलापलीकडे दिसते. पिन गेल्यावर मला म्हणाला, आता शिकून काय करतेस, लग्न कर माझ्याशी."

व्हर्नाला तो स्कार्फ आठवला. त्या पोरीचाही तिने इतकी वर्षं राग केला होता. हिला नक्की पिन मिळाली असणार असं धरून चालली होती. तिला लाज वाटली, आणि हॅचेलचा राग दुप्पट झाला. तिने कागदावर पेन्सिलने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"जोनेल बेट्स. पुलापलीकडे दिसली म्हणून."

"आणि त्या पुरस्कारावरचं याचं नाव काढा," जोनेल अध्यक्षांना म्हणाली. अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली.

हॅचेलने टेबलाची कड धरली. "व्हर्ना, पाय दुखतात गं. संपव ना, पाया पडतो."

"संपवते, सर," व्हर्ना म्हणाली. तिने ग्लास उचलला, सावकाश पाणी प्यायली आणि भरलेल्या हॉलकडे वळली. "आणखी कुणाचं नाव राहिलंय का?"