दुपारचे रकाने

"फाइल आहे, पण मिळणार नाही," मेहजबीन सिस्टर खिडकीतून म्हणाल्या.

"का पन?"

"अपूर्ण आहे. पूर्ण झाली की नक्कल मिळेल."

"मानूस जाऊन चार महिने झाले, अन् फाइल अजून अपूर्णच हाय?"

"तुमच्या एकट्याची नाही, दादा. मागे बघा ना."

खिडकीबाहेरच्या माणसानं मान वाकवून त्यांच्या मागे बघितलं. रेकॉर्ड रूमच्या मांडण्या भरून गेल्या होत्या, टेबलं भरली होती, आणि उरलेल्या फाइली जमिनीवर भिंतीला टेकून छातीपर्यंत आल्या होत्या. दोन हजार तीनशे. एवढा ढीग बघितल्यावर माणसाला आपलं दुःख पुढे करायलाही लाज वाटते.

त्याचं नाव ज्ञानदेव, राहणारा लोणी काळभोरचा. वडील महिपती, वय एकाहत्तर, न्यूमोनिया झाला म्हणून इथल्या पुरुषांच्या वॉर्डात होते आणि तिथेच गेले.

"भांडायला न्हाय आलो मी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "त्या दिशी दुपारी एकला आमाला समद्यांना खाली घालवलं. भेटायची येळ पाचची. पावनेपाचला वरून बोलवनं आलं, तवर सपलं व्हतं. आई रोज इचारती, दुपारभर त्यांच्यापाशी कोन व्हतं? तेवढं लिवलेलं असंल न्हवं कागदात?"

"असतं," मेहजबीन म्हणाल्या.

'मी होते' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी तोंडाला मास्क होता, त्यानं त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मात्र त्याला खिडकीशी येतानाच ओळखलं होतं.

सव्वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना 'हलकं काम' म्हणून इथे पाठवलं. नवरा हुसेन म्हणाला, "बरं झालं, आता बसून काम." त्या बिचाऱ्याचा शिलाईचा व्यवसाय, त्याला बसून काम म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं, तरी म्हणाला. रुग्णालयात माणूस बरा झाला तर घरी जातो, नाही तर वर जातो. फाइल मात्र कुठेच जात नाही, ती खाली रेकॉर्ड रूममध्ये येऊन पडते. आता मानांकनाची तपासणी लागली होती, आणि क्वालिटी विभागाच्या योगेश सरांनी दारावर कागद चिकटवला होता: 'एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. रिकामी फाइल स्वीकारली जाणार नाही. कारणे सांगू नयेत.' पुण्यात सूचना लावल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि सूचना लावली की काम झालंच असं लावणाऱ्याला वाटतं.

रकाने रिकामे का होते, हे सर्वांना ठाऊक होतं. वॉर्डात बत्तीस पेशंट, दुपारपाळीला दोन सिस्टर. एक कुणाला तरी घेऊन स्कॅनला गेली की उरली एक. दर तासाला बत्तीस जणांचं बीपी, नाडी, ताप, श्वास बघायचा आणि लिहायचा. त्यात सलाइनी, इंजेक्शनं, नातेवाइकांचे फोन. बघणं कसंबसं व्हायचं, लिहिणं राहायचं. कधी दोन्ही राहायचं.

आता ते लिहायचं होतं. चार महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी तीन वाजता एका अनोळखी माणसाची नाडी किती होती, ते आज टेबलाशी बसून ठरवायचं. मेहजबीन यात वाकबगार झाल्या होत्या. सरसकट एकच आकडा लिहायचा नाही, तपासणीवाले तेवढे खुळे नसतात. बीपी एकशे अठरा, एकशे बावीस, मधेच एकशे सव्वीस. आपण खोटं लिहितोय हे त्यांना पहिले दोन दिवस टोचलं. मग हात चालू लागला. दिवसाला चाळीस फाइली संपायच्या आणि वरून पंचेचाळीस उतरायच्या. ढीग हटत नव्हता. हटणारही नव्हता, हे त्यांना आठवड्याभरातच कळून चुकलं होतं.

ज्ञानदेव गेल्यावर त्यांनी महिपतींची फाइल शोधून काढली. सकाळचे रकाने भरलेले होते. दुपारी दोनपासून आठपर्यंत सगळं कोरं. ती दुपारपाळी त्यांचीच.

त्यांनी पेन उचललं. दोन वाजता, एकशे दहा. एवढं लिहिलं की पोराला नक्कल मिळेल आणि त्याच्या आईला उत्तर. कुणाचं काय बिघडणार होतं? पण हात पुढे जाईना. त्या दुपारी महिपतींच्या खाटेजवळून त्या एकदाच गेल्या होत्या, सव्वातीनला. म्हाताऱ्यानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून पाणी मागितलं. पलीकडे नऊ नंबरच्या पेशंटला उलटी होत होती. "थांबा हं बाबा, आलेच," असं म्हणून त्या गेल्या. परत आल्या तेव्हा चार पस्तीस झाले होते, आणि डॉक्टर नाडी शोधत होते.

त्यांनी एकही आकडा लिहिला नाही. निदान मृत्यूनंतरच्या रकान्यांवर आडवी रेघ मारायला हवी होती. सव्वीस वर्षांत ती रेघ त्यांनी कधी चुकवली नव्हती. या वेळी तीही मारवली नाही. फक्त सवयीनं पानाच्या तळाशी सही झाली, कारण सही नसलेलं पान फाइलीत ठेवायचं नसतं. फाइल मिटून त्यांनी वर पाठवायच्या ढिगात सरकवली आणि पुढची ओढली.

दहा दिवसांनी ज्ञानदेव पुन्हा आला. या वेळी खिडकीशी थांबला नाही, सरळ दारातून आत आला. हातात नकलेचे कागद होते.

"मिळाली का नक्कल?" मेहजबीननी आश्चर्यानं विचारलं.

"मिळाली. परवाच मिळाली, वरच्या हापिसातनं." त्यानं एक पान टेबलावर पसरलं. "ही सही कुनाची हाय?"

"माझी."

"तुमीच व्हय त्या? आमाला काय म्हायती. काल आईला वाचून दाखवलं. दोनला नाडी चौऱ्यांशी. तीनला ब्याऐंशी. चारला ऐंशी. आई म्हनली, बघ, बाई दर तासाला येत व्हती, यकटं न्हाय टाकलं त्यांना. लई दिसांनी नीट जेवली."

मेहजबीननी पान जवळ ओढलं. रकाने भरलेले होते. गोल गोल, टापटीप अक्षर, आणि खाली त्यांची सही.

"अन् मंग मी पुढचं वाचलं," ज्ञानदेव म्हणाला. त्याचं बोट पानावर सरकलं. "पाचला अठ्ठ्याहत्तर. सहाला ऐंशी. साताला बी ऐंशी. साताला आमी त्यांना गाडीत घालून हडपसरच्या पुढं गेलो व्हतो, सिस्टर."

पलीकडच्या टेबलावर शेफाली बसली होती. तेवीस वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली. तिचं पेन थांबलं.

"मॅम, ती फाइल रिजेक्ट होऊन आली होती," ती हळूच म्हणाली. "ब्लँक होती ना. योगेश सरांनी त्या सगळ्या माझ्या टेबलवर टाकल्या, संध्याकाळपर्यंत पाहिजेत म्हणाले. मी पानं भरत गेले. डेथ नोट मागच्या पानावर असते, मी बघितलंच नाही. सॉरी मॅम."

तिच्यावर ओरडावं असं मेहजबीनना वाटलं, पण ओरडण्यासारखं काय होतं? आकडे कसे खालीवर ठेवायचे ते तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"म्हंजी दोन, तीन अन् चारचं बी असंच?" ज्ञानदेवनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हो," मेहजबीन म्हणाल्या. "दोनला मी आले नाही. चारला आले नाही. वॉर्डात मी एकटी होते, पण ते राहू द्या. सव्वातीनला मी त्यांच्याजवळून गेले. त्यांनी पाणी मागितलं. मी थांबा म्हणाले, आणि परत आले तेव्हा डॉक्टर नाडी शोधत होते."

ज्ञानदेवनं पानावरचं बोट काढून घेतलं.

"बोलले का आनखी काय?"

"नाही. पाणी एवढंच."

"शुद्धीत व्हते म्हंजी."

"होते. चांगले शुद्धीत होते."

त्यानं मान हलवली. मेहजबीननी समोरचा कोरा कागद ओढला. "मी लिहून देते. खरं काय झालं ते, वेळ घालून, माझ्या नावानं. योगेश सरांना काय म्हणायचं ते म्हणू देत. आईंना वाचून दाखवा."

"नगं, सिस्टर," तो म्हणाला. "कागुद नगं आता."

"मग आईंना काय सांगाल?"

"आईला कालचं सांगून झालंय की."

त्यानं नक्कल उचलली नाही. दाराशी चपला होत्या, त्या पायात सरकवल्या आणि जिन्याकडे गेला. मेहजबीन कोरा कागद समोर धरून बसून राहिल्या. शेफालीनं उठून त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि परत जागेवर गेली. बारा वाजता वॉर्डबॉय नव्या फाइलींचा गठ्ठा घेऊन आला. टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्यानं तो महिपतींच्या पानावरच ठेवला. मेहजबीननी ग्लासाकडे बघितलं, तो हातानं बाजूला सारला, आणि वरची पहिली फाइल उघडली.