सपाट आवाजाची आत्या

लिफ्टमधल्या सूचनेसाठी मी रेकॉर्ड केलेले तीन आवाज कंपनीच्या साहेबांनी परत पाठवले होते. "गाणं नको, सपाट सूचना हवी," हे त्यांचं पालुपद. म्हणून मी आत्याला माइकसमोर उभं केलं. आत्या बेसूर, हे घरात सर्वमान्य. शाळेच्या प्रार्थनेत तिला नुसते ओठ हलवायला सांगायचे, ते ती अजून विसरलेली नाही. निवृत्तीनंतरचं हे तिचं पहिलंच काम. ते मिळावं म्हणून आठवडाभर ती थंड पाणीही प्यायली नव्हती.

"कृपया दरवाजापासून दूर उभे राहा."

अगदी इस्त्री केल्यासारखं सपाट! फक्त शेवटी ओठ मिटल्याचा बारीकसा 'टच्' असा आवाज आला होता. तो पुसायला मी 'दूर उभे राहा' एवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवला. विसाव्या फेरीला माझा पाय ताल धरू लागला. पन्नासाव्या फेरीला आत्या चक्क गात होती.

घाबरून मी पूर्ण वाक्य लावलं. आत्या सरळ बोलत आली आणि 'दूर'पाशी गाण्यात शिरली.

"आत्या, तू गातेयस!"

"मी? भलतंच काय!" तिने हेडफोन चढवून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. बघता बघता तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई, खरंच की!"

अकरा वेळा नव्याने रेकॉर्ड केलं. अकराही वेळा गाणं. हसून हसून पोट दुखलं, पण चार वाजता साहेब येणार म्हणून आत्याला रडूही येत होतं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रेकॉर्डिंग पहिल्यापासून सपाटच होतं! तुकडा सारखा कानावर पडला की आपलं डोकंच त्याला चाल लावतं.

"म्हणजे साहेबांना एकदाच ऐकवायचं," आत्या कुजबुजली.

साहेबांनी ऐकलं. "वा, सपाट! पुन्हा लावा." मी नाइलाजाने लावलं. "लोक दिवसभर ऐकणार, आपण नीट नको ऐकायला? शेवटचा भाग लावा. अजून एकदा."

आठव्या खेपेला त्यांचं पेन टेबलावर ठेका धरू लागलं. आत्याने डोळे मिटून घेतले.

त्याच पेनाने साहेबांनी सही केली. "बाई, यापुढे सगळ्या लिफ्टमध्ये तुम्हीच." आणि गुणगुणत जिना उतरले, "दूऽर उभे राहाऽ..."

आत्या कान देऊन ऐकत राहिली.

"बेसूर आहे मेला," ती म्हणाली. मग कठड्यावरून वाकून, खड्या आवाजात, तिने त्यांना बरोबर चाल गाऊन दाखवली.