नामपल्ली की काचीगुडा

मुलुंड पूर्वेला अनुपमाच्या सोसायटीतल्या बायकांची दरवर्षी एक सहल निघायची. चौदा वर्षं ती अनुपमाच ठरवत आली होती आणि सहल कायम रेल्वेने असायची. खालचा बर्थ कुणाला द्यायचा, पुऱ्या कुणी करायच्या, कल्याणला फलाटावर कुठे उभं राहायचं, सगळं तिला तोंडपाठ असे. गेल्या वर्षी मात्र त्यातल्याच नीलमने नाक मुरडलं. "अजून ते डबे नि पुऱ्या, अनुपमा? विमानाने दोन तासांत पोचतो माणूस." झालं, सहल बारगळली.

यंदा जानेवारीत हळदीकुंकवाला तिसऱ्या मजल्यावरची प्रांजल आली. वय तिशीचं, वर्षातून तीनदा विमानाने फिरणारी. ती म्हणाली, "मी विमान सोडलंय. किती धूर ओकतं ते! आता सुट्टीला फक्त ट्रेन. आपण सगळ्याच जाऊया ना, पाँडिचेरीला!"

"झकास!" नीलमने टाळीच दिली. "काहीतरी वेगळं!"

अनुपमा तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. वेगळं? चौदा वर्षं मी हेच करत होते, तेव्हा ते जुनाट होतं. हिने म्हटलं की वेगळं. तिने हसून सगळ्यांना तिळगूळ वाटला, प्रांजलला शेवटी.

त्यानंतर प्रांजलचं नाव निघालं की ती विषय बदलायची. ग्रुपवर प्रांजलच्या प्रत्येक मेसेजखाली बदाम. लिफ्टमध्ये बायका प्रांजलच्या फोनमध्ये डोकं घालून उभ्या. 'अनुपमा, तुला काय वाटतं?' असं कुणीच विचारेना.

विचारलं ते प्रांजलनेच. एका संध्याकाळी ती कागद घेऊन दारात आली. "काकू, तिकिटं झाली. एकदा नजर टाकता? तुम्हाला सवय आहे."

अनुपमाने चष्मा लावला आणि पहिल्या मिनिटातच तिला चूक दिसली. मुंबईहून जाणारी गाडी हैदराबादला नामपल्ली स्टेशनात पोचत होती. पुढची गाडी सुटणार होती काचीगुड्याहून. शहर एक, स्टेशनं दोन, आणि मध्ये जेमतेम दीड तास. पोरीला वाटलं असणार, हैदराबाद म्हणजे हैदराबाद.

सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"छान केलंयस," अनुपमा म्हणाली आणि कागद परत दिला.

फेब्रुवारीत सहाजणी निघाल्या. गाडी पाऊण तास उशिरा पोचली. नामपल्लीला उतरल्यावर प्रांजलने हमालाला पाँडिचेरीच्या गाडीचा फलाट विचारला. तो म्हणाला, "वो गाडी यहाँ से नहीं, काचीगुडा से." मग एकच धांदल उडाली. बॅगा ओढत सगळ्याजणी रिक्षांकडे धावल्या. कल्पिताताई सगळ्यांत मोठ्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. पायरीवर त्यांचा पाय मुरगळला. काचीगुड्याला पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती.

प्रांजल बॅगेवर बसून रडायला लागली. नीलमने तिला जवळ घेतलं. "अगं, होतं असं. पहिलीच वेळ ना तुझी?"

अनुपमा बघत राहिली. सहा वर्षांपूर्वी मडगावला तिने सगळ्यांना चुकीच्या डब्यात चढवलं होतं, ते नीलम अजून काढते. हिला मात्र मिठी! लाज वाटायला हवी होती, पण आधी आला तो हेवाच.

मग ती उठली. तिकीट खिडकीवर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या गाडीत सहा जागा मिळवल्या. जवळ एक लॉज पाहिलं. कल्पिताताईंच्या पायाला बर्फ आणला. "अनुपमा होती म्हणून वाचलो बाई," नीलम म्हणाली. हेच ऐकायला ती वर्षभर आसुसली होती, पण आता ते ऐकवेना.

लॉजच्या जिन्यात प्रांजलने तिला गाठलं. "काकू, तुम्ही कागद नीट बघितला होता. तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"चौदा वर्षं मी ट्रेन ट्रेन करत होते, गं. कुणाला कौतुक नव्हतं. तू एकदा म्हटलंस आणि..."

प्रांजल म्हणाली, "मग माझ्याशी भांडायचं होतंत, काकू. कल्पिताताईंना कशाला पळवलंत?"

 अनुपमा खोलीत गेली आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नीलमने तोंड फिरवलं. कल्पिताताई म्हणाल्या, "माझा पाय तुझ्या हेव्यापायी गेला असता की गं!" आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

पाँडिचेरीत दोन दिवस अनुपमाशी कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. प्रांजल पुढच्या वर्षीचा बेत सांगत होती, रेल्वेने दार्जिलिंग. तो जुना हेवा पुन्हा जागा झाला. अनुपमा तशीच उठली आणि तिने पलीकडचं दार ढकललं.

"हावड्याला उतरलात तर दार्जिलिंग मेल सियालदाहून धरावी लागेल," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "स्टेशन वेगळं आहे. मध्ये निदान पाच तास ठेव."

 प्रांजलने मान वर न करता लिहून घेतलं. मग कल्पिताताईंनी पाय थोडा जवळ घेतला आणि तिच्यासाठी पलंगावर जागा केली.