उताऱ्याच्या कोंबड्या

गावाच्या तोंडाला, जिथं सांगलीची डांबरी येऊन मिळते त्या तिठ्यावर आक्काताई पाटलांचं घर. तिठ्यावर घर असण्याचे फायदे बरेच. एसटी दारात थांबते, भाजीवाला आधी आपल्याकडं येतो. तोटा एकच, गावातली सगळी पीडा दाराशी येऊन पडते. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या लेकाला भरतीत छातीचं माप कमी पडलं, की लिंबू, नारळ, गुलाल आणि पायात काळा दोरा बांधलेली एक जिवंत कोंबडी उतारा म्हणून तिठ्यावर सोडली जाई. सोडणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही आणि बाकीच्यांनी कोंबडीला हात लावायचा नाही, लावला तर पीडा त्याच्या घरी जाते. त्यामुळं रस्त्यावर कुठंही कोंबडी दिसली तरी मसाल्याचा विचार करणारी माणसंसुद्धा तिथून गाडी वेगात काढत. कुत्री मात्र असलं काही मानत नसत.

आक्काताई धर्मानं जैन. त्यांना पीडेचं भय नव्हतं आणि रश्श्याची ओढ नव्हती. कोंबडीपुढं जोंधळ्याची मूठ टाकायची, ती टिपायला लागली की अंगावर जुनं लुगडं टाकायचं, पंख दाबून काखेत मारायची. पायातला दोरा कात्रीनं कापायचा, कुत्र्याचा दात लागला असेल तर हळद भरायची आणि परसातल्या खुराड्यात सोडायची. रोज सकाळी नऊला दाणे. अंड्यांना त्या शिवत नसत, त्यामुळं संख्या आपली आपणच वाढे. सध्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता.

गावानं यावर विचार केला. एवढी पीडा घरात येऊनही आक्काताईंची शुगर वाढली नव्हती की मोटर जळली नव्हती. म्हणजे जैनाच्या घरात उतारा निकामी होतो आणि महिनाभर तिथं राहिलेली कोंबडी स्वच्छ होते. हा शोध शेजारच्या नाथाजीनं लावला. नाथाजी लष्करातून हवालदार म्हणून परतला होता आणि कुंपणावर हात टेकून तासन् तास खुराड्याकडं बघत उभा राही.

"आक्का, ती तांबडी कवा आणलीसा?"

"का रं?"

"न्हाई, सहज. कोर्स पुरा झाला आसंल तिचा."

"तुझा कोर्स पुरा करीन मी. डोळं फिरव तिकडं."

असं सगळं सुरळीत चाललं असताना पौषात मुनिमहाराज गावात येणार असल्याचं कळलं. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्यानं, ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच. सकाळी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून निघताना ते मनात एक खूण धरतात. ती कुणाला सांगत नाहीत. ज्या दारात ती खूण दिसेल तिथं थांबतात, कुठंच दिसली नाही तर त्या दिवशी उपास. म्हणून घरोघरची माणसं सोवळ्यात, कुणी कलश, कुणी नारळ, कुणी फळ घेऊन अंदाजानं दारात उभी राहतात. आक्काताई आजवर दोनदा उभ्या राहिल्या होत्या, एकदा नारळ आणि एकदा डाळिंब घेऊन. दोन्ही वेळा महाराज पुढं गेले होते. आता त्यांचं वय सदुसष्ट. पुन्हा महाराज येईपर्यंत आपण उभं राहण्यासारख्या असू की नाही, हे त्यांचे गुडघे त्यांना रोज विचारत होते.

बस्तीच्या समितीचे अध्यक्ष नेमिनाथ अण्णा स्वतः सांगायला आले.

"आक्का, तुमची भक्ती आमाला ठावं हाय. पण परसात खुराडं आणि घरात आहार, हे जमायचं न्हाई. तीन दिवस कोंबड्या हलवा. न्हाईतर आहाराच्या यादीत तुमचं नाव न्हाई."

"कुठं हलवू, अण्णा? गावात समदी खाणारी. तुमचा एवढा बंगला हाय…"

"आमच्यात टाइल्स हायत," अण्णा म्हणाले आणि यादीचं पान उलटलं.

आक्काताईंनी रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईपर्यंत विचार केला. कोंबड्या सांभाळील आणि खाणार नाही असा माणूस गावात नव्हता. पण बाई होती. नाथाजीची बायको मनुबाई उताऱ्याला इतकी भ्यायची, की रस्त्यात चिरलेलं लिंबू दिसलं तर घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायची. प्रश्न एवढाच होता, की नाथाजीच्या शोधानुसार या कोंबड्या आता स्वच्छ होत्या.

दुसऱ्या दिवशी आक्काताईंनी प्रत्येकीच्या पायात नवा काळा दोरा बांधला, डोक्यावर कुंकू लावलं आणि कोंबड्याच्या गळ्यात लिंबू अडकवलं. खोटं बोलायचं नाही असं त्यांचं व्रत होतं. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

कोंबड्यांनी भरलेली दोन डालगी नाथाजीच्या अंगणात आली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रजा मंजूर झाल्यासारखा आनंद होता.

"तीनच दिस, आक्का? पोरींगत सांभाळतो."

मनुबाईनं डालग्यावरचं फडकं उचललं आणि ती चार पावलं मागं सरली.

"आवं, ह्या परत भरल्यात की."

"काय भरल्यात?"

"उतारा भरलाय. पिसाला बी हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते."

नाथाजीनं आक्काताईंकडं बघितलं. आक्काताई अंगणातल्या चिंचेकडं बघत होत्या. पुढं सुरुंग पेरलाय हे जुन्या सैनिकाला कळलं.

तिसऱ्या दिवशी, महाराजांच्या आहाराच्या सकाळी, आक्काताईंचं अंगण सारवून, रांगोळी घालून तयार होतं. त्या पांढऱ्या सोवळ्यात, हातात कलश घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. शेजारी पाटावर तांदळाचं ताट. हिशेब बरोबर होता, फक्त एका गोष्टीत चुकला होता. मनुबाईच्या भयानं कोंबड्या पातेल्यात जाणार नव्हत्या, पण त्याच भयानं त्या घरातही राहणार नव्हत्या. दोन दिवस डोळ्याला डोळा न लागलेल्या मनुबाईनं त्या सकाळी डालगी तिठ्यावर नेऊन उपडी केली आणि रीतीप्रमाणं मागं न बघता ती परतली.

नऊ वाजले. कोंबड्यांना ते ठाऊक होतं.

बस्तीकडून महाराज आले. पायाखाली जीव येऊ नये म्हणून चार हात जमिनीवर नजर ठेवून ते चालत, आणि नेमक्या त्या चार हातांत बारा जीव येऊन फाटकासमोर घोटाळू लागले. महाराज थांबले. मागं पन्नास माणसं थांबली. सगळी सोवळ्यात, कोंबडीला शिवणार कोण? पुढच्या बंगल्याच्या दारात नेमिनाथ अण्णा तीन कलश घेऊन सगळं बघत होते, आणि चेहरा प्रसन्न ठेवणं त्यांना जड जात होतं.

बनियनवर पळत आलेला नाथाजी कुंपणापाशी थबकला आणि हळूच म्हणाला, "आक्का, गप उभ्या ऱ्हावा. कोंडलंय त्यास्नी. वाट सुटंपतुर महाराज हितनं हलत न्हाईत. बघतील की तुमच्याकडं."

बोलणं लबाडीचं होतं, पण खरं होतं. आक्काताईंनी कलश जरा वर धरला. महाराजांच्या मनात काय आहे कुणाला माहीत, कलशच असेल. ऊन रस्त्यावर उतरलं. महाराजांचे ओठ सुकलेले त्यांना दिसले. काल सकाळपासून पाणी नाही. कंटाळून मागं फिरले तर आज उपास, आणि तो आपल्या काळ्या दोऱ्यापायी.

त्यांनी कलश पाटावर ठेवला, ताटातले तांदूळ मुठीत घेतले आणि स्वतःच्या अंगणात, रांगोळीवर फेकले. बाराही जीव फाटकातून आत धावले. तांबडीनं सारवणावर आपला शिक्का उमटवला. घर बाटलं. रस्ता मोकळा झाला.

महाराज पुढं गेले आणि अण्णांच्या दारात थांबले.

"आक्का," तांबडीकडं बघत नाथाजी म्हणाला, "आता असं बी आन् तसं बी…"

"न्हाई."

दुपारी नेमिनाथ अण्णा स्वतः डालगं घेऊन आले. आहार झाला की यजमानानं महाराजांकडून एखादा नियम घ्यायचा असतो. अण्णांनी वांगं सोडायची तयारी ठेवली होती. ते त्यांना तसंही आवडत नसे. महाराजांनी विचारलं, त्या कोंबड्या कुणाच्या? अण्णांना सगळं सांगावं लागलं. मग पन्नास माणसांच्या मोबाईलसमोर नियम मिळाला, त्यातल्या निम्म्या तुम्ही सांभाळा, जन्मभर.

"सहा द्या, आक्का," अण्णा म्हणाले. "ती तांबडी द्या. गरीब दिसती."

"ती न्हाई. कोंबडा घ्या. आणि पाच ह्या. पण धरायच्या तुमच्या तुमी. नियम तुमचा हाय."

त्यांनी जुनं लुगडं अण्णांच्या हातात दिलं. मग आत जाऊन महाराजांसाठी केलेला स्वयंपाक स्वतःच्या ताटात वाढून घेतला, उंबऱ्यावर बसल्या आणि जेवत जेवत वाट दाखवू लागल्या. डावीकडनं, अण्णा. आता वाका. आणखी वाका. कोंबडा कुंपणावरून उडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि अण्णा धोतर सावरत शिडी कुठं आहे विचारू लागले. कोंबडी धरायची ती दिवस मावळताना, तिला दिसेनासं झालं की. दुपारच्या दोनला कुणी तिच्या मागं लागत नाही. हे आक्काताई सांगणारच होत्या, पण आधी त्यांनी आणखी थोडी खीर वाढून घेतली.